स्पीड टेस्टमध्ये १०० एमबीपीएस, तरी व्हिडिओ कॉल का अडकतो? इंटरनेट नेमकं मोजायचं कसं?

समजा, तुमची नोकरीची ऑनलाइन मुलाखत सुरू आहे. तुम्ही उत्तर द्यायला सुरुवात करता आणि समोरून आवाज येतो, "हॅलो, तुमचा आवाज तुटतोय." तुम्ही पुन्हा बोलता, तर तेवढ्यात समोरचा माणूसही बोलायला लागतो. दोघेही थांबतात. दोघेही पुन्हा एकदम सुरू करतात. अशी पंधरा मिनिटं जातात आणि मुलाखत संपते.

चिडून तुम्ही मोबाइलवर स्पीड टेस्ट करता. काटा झरझर वर जातो आणि ९६ एमबीपीएसवर थांबतो. प्लॅन १०० चा आहे. कस्टमर केअरला फोन लावला तर तिकडून उत्तर येतं, "सर, तुमचा स्पीड तर व्यवस्थित येतोय. हवं तर २०० चा प्लॅन घ्या."

गंमत म्हणजे यात कुणीच खोटं बोलत नाही. तुमचा कॉल खरंच अडकत होता आणि स्पीडही खरंच ९६ होता. घोळ असा आहे की आपण ज्याला 'इंटरनेटचा स्पीड' म्हणतो, त्या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी लपलेल्या आहेत. जाहिरातीत त्यातली एकच दिसते. कॉल मात्र बऱ्याचदा दुसरीमुळे अडकतो.

या दोन गोष्टी कोणत्या आणि घरबसल्या त्या कशा मोजायच्या, तेच आज समजून घेऊ.

पाणी कधी येतं आणि बादली किती वेळात भरते

सकाळी पाणी सोडणारा कर्मचारी गल्लीच्या टोकाला व्हॉल्व्ह फिरवतो. त्यानंतर तुमच्या नळाला पहिला थेंब यायला काही वेळ लागतो. हा झाला एक आकडा. एकदा पाणी सुरू झालं की बादली किती वेळात भरते, हा दुसरा आकडा.

पहिला आकडा म्हणजे लेटन्सी. तुमच्या कॉम्प्युटरकडून निघालेला संदेश दुसऱ्या कॉम्प्युटरपर्यंत जाऊन त्याचं उत्तर परत यायला किती वेळ लागतो, ते लेटन्सी सांगते. ती मिलिसेकंदांत मोजतात. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.

दुसरा आकडा म्हणजे बँडविड्थ. एका सेकंदात जास्तीत जास्त किती डेटा जाऊ शकतो, ते बँडविड्थ सांगते. ती एमबीपीएसमध्ये, म्हणजे मेगाबिट प्रति सेकंद अशी मोजतात.

इथे अनेकांची एक चूक होते. मेगाबिट वेगळं आणि मेगाबाइट वेगळं. आठ बिट मिळून एक बाइट होतो. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला १०० एमबीने नाही, तर जास्तीत जास्त साडेबारा एमबीने उतरते. एक जीबीचा सिनेमा यायला साधारण ८० सेकंद लागतात. 'प्लॅन १०० चा आणि डाउनलोड १२ नेच होतंय' ही तक्रार म्हणूनच बहुतेक वेळा निराधार असते.

नळाचा पाइप कितीही मोठा केला तरी टाकी पाच किलोमीटर लांब असेल तर पहिला थेंब यायला वेळ लागणारच. बँडविड्थ वाढवली म्हणून लेटन्सी कमी होत नाही, ती अशी.

दोन कबुतरांची गोष्ट

या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, याचं एकदम भारी उदाहरण कबुतरांनी दिलंय.

सप्टेंबर २००९. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन भागातली 'अनलिमिटेड आयटी' ही कंपनी संथ इंटरनेटला वैतागली होती. त्यांनी विन्स्टन नावाच्या कबुतराच्या पायाला चार जीबीचं मेमरी कार्ड बांधलं आणि त्याला सुमारे ८० किलोमीटर लांबच्या दुसऱ्या ऑफिसकडे सोडलं. त्याच वेळी तेवढाच डेटा एडीएसएल लाइनवरूनही पाठवायला सुरुवात केली.

विन्स्टन १ तास ८ मिनिटांत पोहोचला. कार्डवरचा डेटा कॉम्प्युटरवर उतरवेपर्यंत एकूण २ तास ६ मिनिटं ५७ सेकंद झाली होती. तोपर्यंत लाइनवरून फक्त ४ टक्के डेटा गेला होता. हिशोब केला तर कबुतराची बँडविड्थ भरते ४.२ एमबीपीएसच्या आसपास. लाइनची पाव एमबीपीएससुद्धा नाही.

म्हणजे कबूतर जिंकलं? थांबा, दुसरं कबूतर बाकी आहे.

इंटरनेटचे नियम 'आरएफसी' नावाच्या दस्तऐवजांत लिहिलेले असतात. १ एप्रिल १९९० ला त्यात एक गमतीचा दस्तऐवज आला, आरएफसी ११४९. कबुतरांकरवी इंटरनेटची पॅकेट कशी पाठवावीत, याचे नियम त्यात दिले होते. तारीख बघूनच कळतं की हा एप्रिल फूल होता. पण नॉर्वेतल्या बर्गन शहरातल्या लिनक्सप्रेमींच्या गटाने एप्रिल २००१ मध्ये तो खरोखर करून पाहिला. पॅकेट कागदावर छापायचं, कबुतराच्या पायाला गुंडाळायचं आणि सोडून द्यायचं.

त्यांनी नऊ संदेश पाठवले. उत्तरं आली चार. त्यातलं सगळ्यात लवकरचं उत्तर यायला सुमारे ५४ मिनिटं लागली आणि सगळ्यात उशिराचं यायला सुमारे १ तास ४६ मिनिटं.

आता बघा, वाहन तेच आहे, कबूतर. चार जीबीची फाइल न्यायला ते त्या लाइनपेक्षा सरस ठरलं. पण त्याच कबुतरावरून तुम्ही व्हिडिओ कॉल कराल का? 'हॅलो' म्हटल्यावर तासाभराने 'हं, बोला' ऐकू येईल.

सिनेमा डाउनलोड करताना बँडविड्थ महत्त्वाची असते. कॉल, ऑनलाइन गेम, पेमेंट, परीक्षेत 'सबमिट' दाबणं, अशा प्रत्येक ठिकाणी जिथे प्रश्न-उत्तर चालतं, तिथे लेटन्सी महत्त्वाची असते. एचडी व्हिडिओ कॉलला खरं तर दीड ते चार एमबीपीएस पुरतात. त्यामुळे १०० वर अडकणारा कॉल २०० वर सुधारेलच याची काहीही खात्री नाही.

'पिंग' म्हणजे काय?

गेम खेळणाऱ्या मुलांच्या तोंडी 'पिंग वाढला' हा शब्द सर्रास असतो. हा शब्द आला तो एका छोट्या प्रोग्रामवरून.

डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकन लष्कराच्या मेरीलँड इथल्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक म्यूस हे काम करत होते. तिथलं नेटवर्क विचित्र वागत होतं. दोष शोधण्यासाठी त्यांनी एक प्रोग्राम लिहिला. तो समोरच्या कॉम्प्युटरला एक छोटा संदेश पाठवायचा, समोरचा कॉम्प्युटर तो तसाच परत करायचा आणि मधे किती वेळ गेला ते स्क्रीनवर दिसायचं.

पाणबुडी शोधताना सोनार यंत्र आवाज सोडतं आणि त्याचा प्रतिध्वनी किती वेळाने येतो त्यावरून अंतर ओळखतं. त्या आवाजावरूनच म्यूस यांनी नाव ठेवलं, पिंग. चाळीस वर्षांनंतरही हा प्रोग्राम जवळपास प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये असतो.

इथे एक प्रश्न पडू शकतो. जाण्यायेण्याचा मिळून वेळ का मोजायचा? नुसता जाण्याचा का नाही?

कारण सोपं आहे. नुसता जाण्याचा वेळ मोजायचा तर दोन्हीकडची घड्याळं मिलिसेकंदापर्यंत जुळलेली हवीत. तुमच्या आणि पलीकडच्या कॉम्प्युटरच्या घड्याळात १० मिलिसेकंदांचा जरी फरक असला तरी सगळं मोजमाप फसतं. फेरी मोजली की निघण्याची आणि परतण्याची नोंद एकाच घड्याळावर होते. जुळवाजुळव करायची गरजच उरत नाही.

काही लेटन्सी पैसे देऊनही कमी होत नाही

फायबर केबलमधून प्रकाश धावतो, पण काचेत त्याचा वेग कमी होतो. तो सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर इतका राहतो. यावरून एक साधा हिशोब मांडता येतो. दर १०० किलोमीटर अंतरासाठी जाऊन-येऊन किमान एक मिलिसेकंद लागणार.

मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. म्हणजे किमान ३९ मिलिसेकंद. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे किमान ७२. मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे १२,५०० किलोमीटर, म्हणजे किमान १२५. केबल सरळ रेषेत जात नाही, मधे अनेक यंत्रं असतात, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा याहून बराच मोठा असतो. पण याच्या खाली तो कधीच येणार नाही. कितीही महाग प्लॅन घेतला तरी.

जमिनीपासून सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असलेल्या भूस्थिर उपग्रहावरून इंटरनेट घेतलं तर संदेश वर जाणार, खाली येणार, उत्तर पुन्हा वर जाणार आणि खाली येणार. यातच जवळपास अर्धा सेकंद जातो. म्हणूनच स्टारलिंकसारख्या कंपन्या आपले उपग्रह काहीशे किलोमीटरवर, इतक्या खाली फिरवतात.

मिलिसेकंदाची किंमत शेअर बाजारवाल्यांना चांगली कळते. अमेरिकेत 'स्प्रेड नेटवर्क्स' कंपनीने २०१० मध्ये शिकागो ते न्यूजर्सी अशी नवी, शक्य तितकी सरळ केबल टाकली. सुमारे ३० कोटी डॉलर खर्च झाल्याचं सांगितलं जातं. फेरी सुमारे १३ मिलिसेकंदांवर आली. वाचले ते जेमतेम दोन-तीन मिलिसेकंद! पुढे मायक्रोवेव्ह टॉवरवाल्यांनी त्यांनाही मागे टाकलं, कारण हवेत लहरी काचेतल्या प्रकाशापेक्षा वेगाने जातात.

आपल्याकडचा अनुभव ताजा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात जेद्दाहजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या. त्यात मुंबईला येणाऱ्या केबलही होत्या. मायक्रोसॉफ्टने तेव्हा आपल्या ग्राहकांना 'लेटन्सी वाढेल' असा इशारा दिला होता. याचा अर्थ डेटा पोहोचत होता, पण लांबचा वळसा घालून. तुटलेला रस्ता सोडून दुसऱ्या वाटेने गेलं की वेळ जास्त लागणारच.

मग यूट्यूबचा व्हिडिओ लगेच कसा सुरू होतो? कारण तो अमेरिकेतून येतच नाही. मोठ्या कंपन्या लोकप्रिय व्हिडिओंच्या प्रती आपल्या जवळच्या शहरांतल्या सर्व्हरवर ठेवतात. अंतर हरवता येत नाही, म्हणून सामानच जवळ आणून ठेवायचं, अशी ही युक्ती.

लेटन्सी वाढली की स्पीडही मार खातो

एखादी वेबसाइट उघडताना तुमचा ब्राउझर आधी तिचा पत्ता विचारतो, मग सर्व्हरशी ओळख करून घेतो, मग सुरक्षित जोडणी ठरवतो, मग पान मागतो. प्रत्येक पायरीला एक-दोन फेऱ्या. एका फेरीला २०० मिलिसेकंद लागत असतील तर चार फेऱ्यांत जवळपास सेकंद गेला आणि पानाचा पहिला शब्दही आलेला नाही. या काळात तुमची १०० एमबीपीएसची लाइन जवळपास रिकामी बसलेली असते.

गुगलचे अभियंते माइक बेल्शी यांनी २०१० मध्ये हे मोजून दाखवलं होतं. लाइन ५ वरून १० एमबीपीएस केली, म्हणजे दुप्पट केली, तरी पानं उघडण्याचा वेळ सुमारे ५ टक्केच सुधारला. लेटन्सी जसजशी कमी केली तसतसा मात्र वेळ सरळ कमी होत गेला.

मग आपला कॉल का अडकला?

परत त्या मुलाखतीकडे येऊ. समजा, मुलाखत घेणारे पुण्यातच होते. अंतराचा प्रश्न नाही. रिकाम्या लाइनवर लेटन्सी २० मिलिसेकंद. मग घात कुठे झाला?

स्पीड टेस्टमध्ये डाउनलोडच्या शेजारी अजून एक आकडा होता. अपलोड, ८ एमबीपीएस. तिकडे कुणाचं लक्षच जात नाही. आणि मुलाखत सुरू असताना शेजारच्या खोलीत धाकट्या भावाचा फोन कालच्या लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढवत होता.

राउटरमध्ये पॅकेटना थांबण्यासाठी एक रांग असते, तिला बफर म्हणतात. लाइन भरली की पॅकेट त्या रांगेत उभी राहतात. समजा, राउटरच्या बफरमध्ये एक मेगाबाइट मावतं. ८ एमबीपीएसच्या लाइनवर ते रिकामं व्हायला पूर्ण एक सेकंद लागतो. तुमच्या आवाजाचं छोटंसं पॅकेट त्या रांगेच्या शेपटीला जाऊन उभं राहतं. घाटात पुढे वीस कंटेनर आणि मागे तुमची दुचाकी, तशी गत. दुचाकी कितीही हलकी असली तरी कंटेनर सरकल्याशिवाय ती सरकणार नाही.

रिकाम्या लाइनवर २० मिलिसेकंद असलेली लेटन्सी अशी हजाराच्या वर जाते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार, संभाषण सहज वाटायचं असेल तर आवाज एका बाजूने दुसरीकडे १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचायला हवा. त्यापलीकडे माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. अगदी मुलाखतीत झालं तसं.

या दुखण्याला 'बफरब्लोट' म्हणतात, म्हणजे फुगलेले बफर. हे नाव दिलं जिम गेटिस यांनी. २०१० मध्ये घरून मोठ्या फाइल पाठवताना आपलं इंटरनेट बसतं, हे त्यांच्या लक्षात आलं. मोजून पाहिलं तर लेटन्सी सेकंदाच्या वर गेलेली. मेमरी स्वस्त झाल्यामुळे यंत्रं बनवणाऱ्यांनी 'एकही पॅकेट वाया जाऊ नये' म्हणून मोठमोठे बफर घातले होते आणि तेच नडत होते. पुढे २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी यावर 'कोडेल' नावाचा उपाय मांडला. रांगेत पॅकेट किती आहेत यापेक्षा ती किती वेळ अडकली आहेत, हे तो बघतो. आज अनेक चांगल्या राउटरमध्ये त्याची सुधारित आवृत्ती असते.

घरी मोजायचं कसं?

यासाठी कुठलंही विकतचं साधन लागत नाही. लॅपटॉप असला की पुरे.

१. आधी राउटर पिंग करा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट किंवा मॅकमध्ये टर्मिनल उघडा. पिंग हा शब्द इंग्रजीत टाइप करून, एक जागा सोडून राउटरचा पत्ता द्या. तो बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि राउटरच्या खाली चिकटवलेल्या लेबलवर मिळतो. अंक अर्थातच इंग्रजीत टाका. वायफायवर आकडा साधारण १० मिलिसेकंदांच्या आत आणि स्थिर असेल तर ठीक. तो मधेच २००, ३०० वर उड्या मारत असेल तर दोष तुमच्या घरातच आहे. कंपनीला फोन करण्याआधी राउटरजवळ बसून पाहा.

२. मग बाहेरचा पत्ता पिंग करा. ८.८.८.८ हा गुगलचा सार्वजनिक पत्ता यासाठी सोयीचा आहे. विंडोज फक्त चार संदेश पाठवून थांबतं. चारावरून काही कळत नाही. शेवटी एक जागा सोडून डॅश आणि टी टाकलं की ते सुरूच राहतं. दोन-तीन मिनिटं चालू द्या आणि कंट्रोल व सी दाबून थांबवा.

३. तीन गोष्टी बघा. पहिली, सर्वात कमी वेळ. तो म्हणजे रस्ता मोकळा असतानाचं खरं अंतर. दुसरी, आकडे किती वरखाली होतात. याला जिटर म्हणतात. सतत ६० असलेली लाइन कॉलसाठी २० ते ३०० असं नाचणाऱ्या लाइनपेक्षा चांगली. तिसरी, किती संदेश हरवले. शंभरात एखादा हरवला तर फार बिघडत नाही, पण पाच-सहा टक्के हरवत असतील तर आवाज तुटणारच.

४. आता लाइनवर भार टाका. हीच खरी परीक्षा. पिंग चालू ठेवा आणि दुसऱ्या फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर अपलोड करा. २० चा आकडा ४०-५० झाला तर हरकत नाही. तो ५०० किंवा हजारावर गेला तर बफरब्लोट आहे, असं समजा. इतकं करायचं नसेल तर नेटफ्लिक्सच्या फास्ट डॉट कॉमवर जास्त माहिती दाखवण्याचं बटण दाबा. रिकाम्या आणि भरलेल्या लाइनची लेटन्सी तिथे वेगवेगळी दिसते. ऊकलाच्या स्पीडटेस्ट ॲपमध्येही हे आकडे असतात. मोठ्या काट्याखाली बारीक अक्षरांत असल्यामुळे ते नजरेतून सुटतात एवढंच.

५. घरातल्या घरात मोजायचं असेल तर आयपर्फ नावाचा मोफत प्रोग्राम आहे. तो दोन कॉम्प्युटरवर टाकायचा. एक ऐकणारा, दुसरा पाठवणारा. दोघांमधली बँडविड्थ तो थेट सांगतो, मधे बाहेरचं इंटरनेट येतच नाही. इथे ३०० किंवा ५०० च्या प्लॅनवर वायर लावूनही आकडा नेमका ९४ च्या आसपास अडकत असेल तर हमखास समजा की एखादा पोर्ट किंवा केबल १०० एमबीपीएसवरच चालतेय. बऱ्याचदा नवी केबल टाकून काम होतं.

मोजताना होणाऱ्या चुका

स्पीड टेस्ट ॲप सहसा तुमच्या सर्वात जवळचा सर्व्हर निवडतं. बऱ्याचदा तो तुमच्याच इंटरनेट कंपनीच्या नेटवर्कमध्ये असतो. म्हणजे घरापासून गल्लीच्या टोकापर्यंतचा रस्ता मोजला आणि मुंबई-नागपूर रस्ता चांगला आहे असं सांगितलं, असा प्रकार. तुमचं काम ज्या देशातल्या सर्व्हरशी असेल, तिथला सर्व्हर निवडूनही एकदा टेस्ट करा.

एकदाच मोजून निष्कर्ष काढू नका. सकाळी सहाला आणि रात्री नऊला लाइन वेगळी वागते. तीन-चार दिवस, ठरावीक वेळी मोजा.

मोबाइल डेटावर टेस्ट करताना जरा जपून. बँडविड्थ मोजण्यासाठी ॲपला लाइन पूर्ण भरावीच लागते. ३०० एमबीपीएसवर दहा सेकंदांची डाउनलोड टेस्ट म्हणजे ३७५ एमबी डेटा गेला. दिवसाला दीड जीबीचा प्लॅन असेल तर चार टेस्टमध्ये तो संपतो. पिंगला मात्र जवळपास काहीच डेटा लागत नाही.

मधले टप्पे दाखवणारा ट्रेसराउट हा प्रोग्राम वापरलात तर काही ठिकाणी नुसत्या चांदण्या दिसतात किंवा मधलाच एखादा आकडा मोठा येतो. घाबरू नका. अनेक राउटर अशा संदेशांना मुद्दाम उत्तर देत नाहीत किंवा सवडीने देतात. एखाद्या टप्प्यापासून पुढचे शेवटपर्यंतचे सगळेच आकडे वाढलेले दिसले, तरच तिथे काहीतरी अडलंय असं म्हणता येतं.

आता या आकड्यांचं करायचं काय?

राउटरपर्यंतच आकडा बिघडत असेल तर वायफाय सुधारा. राउटर कपाटातून बाहेर काढा, महत्त्वाच्या कॉलसाठी शक्य असेल तर वायर लावा.

राउटरपर्यंत ठीक आहे, पण भार टाकल्यावर बिघडत असेल तर कॉलच्या वेळी फोटोंचा बॅकअप आणि अपडेट थांबवा. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम नावाची सोय असेल तर तिथे अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या आकड्याच्या ८५ ते ९० टक्के ठेवा. थोडी बँडविड्थ सोडून द्यावी लागते, पण रांग राउटरच्या ताब्यात राहते आणि तुमच्या आवाजाला वाट मिळते. प्लॅन वाढवायचाच असेल तर अपलोड किती वाढणार, हे आधी विचारा.

आणि वायर लावून, घरातलं सगळं बंद करूनही बाहेरच्या पत्त्याचे संदेश हरवत असतील तर दोष कंपनीकडे आहे. अशा वेळी 'नेट स्लो आहे' एवढंच सांगू नका. त्यावर एकच उत्तर मिळतं, स्पीड टेस्ट करा. त्याऐवजी लिहून द्या: अमुक तारखेला, रात्री नऊ वाजता, वायरने जोडलेल्या लॅपटॉपवरून राउटरपर्यंत शून्य टक्के आणि बाहेर सात टक्के पॅकेट हरवली, सोबत स्क्रीनशॉट. मग 'स्पीड तर बरोबर येतोय' म्हणून तक्रार बंद करणं सोपं जात नाही.

भारतात जानेवारी २०२३ पासून 'ब्रॉडबँड' म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस डाउनलोड वेग लागतो. ही व्याख्यासुद्धा बँडविड्थचीच आहे. जाहिरातीत, बिलावर, प्लॅनच्या नावात, सगळीकडे तोच एक आकडा. दुसरा आकडा कुणी आपणहून सांगणार नाही. तो आपल्यालाच मोजावा लागतो आणि त्याला लागतात फक्त दोन मिनिटं.

पुढच्या मुलाखतीच्या आदल्या रात्री स्पीड टेस्टसोबत एकदा पिंगही लावून बघा. आणि धाकट्या भावाला सांगा, लग्नाचे फोटो उद्या दुपारनंतर चढव.